बापाचा धसका, नॉर्मल एमआरआय आणि वर्षश्राद्धापर्यंत थांबायचा बेत

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. फेब्रुवारीत त्यांचे वडील हृदयविकाराने अचानक गेले. २१ वर्षांचा भाऊ फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो. मे महिन्यापासून तो एकटाच पुटपुटतो, शेजारचे आपल्याविषयीच बोलतात असं म्हणतो, रात्र रात्र जागा असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्याने चिकटपट्टी लावली आहे. न्यूरोलॉजिस्टने एमआरआय काढला, तो नॉर्मल आला, आणि त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं. घरात मात्र ‘पोराने बापाचा धसका घेतलाय, वर्षश्राद्ध झालं की उतरेल’ असं ठरलं आहे. मावशीला तरुणपणी असंच काहीसं झालं होतं. ताईंना विचारायचं आहे की धक्क्याने मेंदूला खरंच इजा होते का, होत असेल तर एमआरआय नॉर्मल कसा, आणि मावशीचं रक्त आपल्यातही आहे तर आपल्याला किती धोका.

ताई, वर्षश्राद्धाची वाट पाहू नका. या आठवड्यात भावाला घेऊन जा. कुठे आणि कसं ते पुढे सांगते. ‘धसका घेतलाय’ या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच, आणि उरलेला अर्धा भाग न कळल्यामुळे घरं महिनोन्‌महिने थांबतात.

तथ्य कुठे आहे ते बघू. सायकोसिस म्हणजे वास्तवाशी धागा सुटणं: नसलेले आवाज ऐकू येणं, पुरावा नसताना संशय पक्का होऊन बसणं. मोठ्या ताणाच्या घटनांशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. प्रौढ वयातल्या अशा घटनांचे उपलब्ध अभ्यास २०१३ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा शक्यता सुमारे तिप्पट दिसली. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, सततचा छळ वाट्याला आलेल्यांविषयी असंच काम २०१२ मध्ये झालं, तिथेही आकडा तिपटीच्या जवळच आला. या आकड्यांत थोडी फूग असू शकते, कारण आजार आल्यावर माणूस कारण शोधत मागे जातो आणि एरवी विसरला असता ते त्याला आठवतं. ती वजा केली तरी संबंध उरतोच.

पण तिप्पट म्हणजे कशाच्या तिप्पट? सायकोसिस ज्यात होतो असा सर्वांत परिचित आजार म्हणजे स्किझोफ्रेनिया. तो आयुष्यात कधी तरी होण्याची सर्वसाधारण शक्यता शंभरात एक, किंबहुना त्याहून थोडी कमीच. तुमच्याच गावात ऐन तारुण्यात बाप गमावलेले किती जण असतील. त्यातले बहुतेक रडले, खचले, दोन-चार महिने अभ्यासातून उठले आणि मग सावरले. धक्का एकटाच पुरेसा असता तर गावं ओस पडली असती. झुबिन आणि स्प्रिंग या दोघांनी १९७७ मध्ये जी मांडणी केली ती आजही आमच्या कामाचा पाया आहे: प्रत्येकाची उपजत नाजुकता वेगळी, आणि ती जितकी जास्त तितका कमी ताण पुरतो.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. गेल्या वर्षी चवथीला, गणेश चतुर्थीला, म्हणजे बाबा हयात असताना, भावाने गणपतीवर टांगायची रानफळांची माटोळी बांधली नाही. दरवर्षी कांगलां, माट्टुळां, घागऱ्यो शोधत रानात हिंडणारा पोरगा दार लावून आत बसला आणि बाबा त्याच्यावर ओरडले. पुढे तुम्ही असंही लिहिलंय की त्याच सेमिस्टरला त्याचे दोन विषय राहिले आणि नाटकाच्या तालमीला जाणंही त्याने सोडलं. हे तुम्ही ओघात लिहिलंत. मला विचाराल तर पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे. बाबा गेले फेब्रुवारीत. माटोळी राहिली त्याच्या जवळजवळ सहा महिने आधी.

ओपीडीत तारखा विचारल्या तर कोणालाच आठवत नाहीत, म्हणून मी सणांवरून विचारते. चवथीला कसा होता? दिवाळीला नरकासुर करायला गेला होता का? शिगम्यात ढोल हातात घेतला का? जत्रेला मित्रांबरोबर गेला की घरीच बसला? असं एकेक विचारत गेलं की घरच्यांनी सांगितलेली सुरुवात सहसा मागे सरकते. आवाज आणि संशय यांच्या आधी कित्येक महिने, कधी वर्षभराहून जास्त काळ, माणूस आक्रसत गेलेला असतो: बोलणं कमी, आंघोळीचा कंटाळा, झोप उलटी, अभ्यासात मन नाही, उगाच चिडचिड. वय पाहता घरचे ते आळसावर, मोबाइलवर किंवा प्रेमप्रकरणावर ढकलतात आणि त्यांना दोषही देता येत नाही, कारण नुसत्या आळसाचं रूपही असंच असतं.

म्हणूनच धक्क्यांमध्ये आम्ही दोन जाती करतो. लंडनमध्ये ब्राउन आणि बर्ली यांनी १९६८ मध्ये हा भेद काटेकोरपणे वापरला. काही घटना माणसाच्या वागण्याशी संबंध नसताना कोसळतात: बापाचा मृत्यू, घराला आग, अपघात. काही घटना मात्र येऊ घातलेला आजारच घडवून आणतो: नापास होणं, नोकरी जाणं, साखरपुडा मोडणं, मित्र तुटणं. ‘नोकरी गेली आणि त्याच्या डोक्यावर परिणाम झाला’ हे वाक्य मी फार ऐकते. नीट चौकशी केली की अनेकदा क्रम उलटा निघतो. त्या दोघांना स्वतंत्र घटनासुद्धा आजार उफाळण्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत दाटलेल्या दिसल्या, म्हणजे खरा धक्का ठिणगी टाकतो हे नक्की. तुमच्या घरी बाबांचं जाणं अशी स्वतंत्र घटना आहे. त्यामुळे भावाचा आजार लवकर किंवा जोरात उफाळला असेल. पण सुरुवात तिथे झाली नाही, आणि वर्ष सरलं म्हणून तो मावळणार नाही.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर वाचणाऱ्या दुसऱ्या घरांत उगाच घबराट होईल. गेलेलं माणूस सोप्यावर बसलेलं दिसणं, त्याची हाक ऐकू येणं, त्याच्या विडीचा वास येणं हा शोकाचा भाग असतो. वेल्समधल्या एका डॉक्टरने १९७१ मध्ये विधवा-विधुरांना विचारलं, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी असा अनुभव सांगितला, आणि बऱ्याच जणांना त्याचा आधार वाटत होता. तुमच्या आईला बाबा दिसत असतील तर त्यांना माझ्याकडे आणायची गरज नाही. भावाच्या बाबतीत मात्र आवाज बाबांचे नाहीत, शेजाऱ्यांचे आहेत, ते त्याच्याविरुद्ध आहेत आणि त्यापायी तो झोपत नाही.

आता मेंदू. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या खोल भागात हिप्पोकॅम्पस नावाचा अवयव आहे. आठवणी रचणं, आणि कुठली गोष्ट कुठल्या संदर्भातली हे ओळखणं, ही त्याची कामं. ताण आला की अॅड्रिनल ग्रंथीतून कॉर्टिसॉल सुटतं. ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ मध्ये उंदरांत दाखवलं की ताणाचं असंच संप्रेरक हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन बसतं. हिप्पोकॅम्पस त्यावर लगामाचंही काम करतो, ‘पुरे झालं’ असा निरोप पाठवतो. ताण संपेचना झाला की लगामच ढिला पडतो.

बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेत झालेलं काम मला या विषयात सर्वांत बोलकं वाटतं. उंदरांना रोज ठरावीक वेळ जखडून ठेवलं, तर हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात हे आधीच माहीत होतं. त्यांच्या गटाला दिसलं की भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डालात नेमकं उलट होतं, तिथे फांद्या वाढतात. पुढे उंदरांना २१ दिवस विश्रांती दिली. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, अमिग्डालातली वाढ तशीच राहिली. उंदरांवरून माणसाविषयी बेतानेच बोलावं. तरी ‘आता सगळं शांत आहे, मग हा अजून का दचकतो’ या घरच्यांच्या प्रश्नाशी हे जुळतं.

माणसांच्या स्कॅनमध्ये काय दिसतं? २०१६ मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने स्किझोफ्रेनिया असलेल्या २,०२८ जणांचे स्कॅन २,५४० निरोगी लोकांच्या स्कॅनशी ताडून पाहिले. आजार असलेल्यांत हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला, थॅलॅमस सरासरीने लहान आणि मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या होत्या. पण ‘सरासरीने’ या शब्दावर बोट ठेवा. दोन गावांतल्या पुरुषांची सरासरी उंची एखाद्या इंचाने वेगळी असली, म्हणून समोर आलेल्याची उंची मोजून त्याचं गाव सांगता येत नाही. इथला फरक साधारण त्याच मापाचा आहे. म्हणून तुमच्या भावाचा एमआरआय नॉर्मल येणं आणि त्याला सायकोसिस असणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एमआरआय गाठ, रक्तस्राव, मेंदूची सूज यांसारखं दुसरं काही नाही ना हे पाहायला काढतात. ते काम झालं. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा काढून घेऊ नका, ते पैसे औषधांना राहू द्या. फक्त ताप, झटके, अचानक गोंधळणं किंवा अंग विचित्र आखडणं असं काही झालं तर न्यूरोलॉजिस्टकडे परत जा, कारण प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटण्याचे काही विकार सुरुवातीला हुबेहूब असेच दिसतात.

लहान हिप्पोकॅम्पस हा ताणाचा परिणाम, की तो आधीपासूनच लहान असतो आणि म्हणून ताण झेपत नाही? याचा सर्वांत चतुर शोध २००२ मध्ये अमेरिकेत घेतला गेला. एकसारख्या जुळ्या भावांच्या जोड्या घेतल्या. त्यातला एक व्हिएतनामच्या लढाईत गेलेला, दुसरा घरी राहिलेला. युद्धानंतर तीव्र मानसिक आघाताचा आजार जडलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, आणि कधीच रणांगण न पाहिलेल्या त्यांच्या घरच्या भावांचाही लहान होता. तो अभ्यास सायकोसिसचा नव्हता, पण धडा इथेही लागू आहे: स्कॅनमध्ये दिसलेली प्रत्येक उणीव ताणाच्या खात्यावर मांडता येत नाही.

उलट बाजूही आहे. धोक्याच्या उंबरठ्यावरच्या तरुणांचे स्कॅन काही काळाने पुन्हा काढले, तेव्हा ज्यांना पुढे सायकोसिस झाला त्यांच्यात मेंदूचा करडा भाग जास्त वेगाने कमी होताना दिसला. २००३ मध्ये मेलबर्नच्या गटाला, २०१५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या गटाला. म्हणजे काही बदल आधीचे, काही आजार सुरू होतानाचे. ताणाने मेंदू आकसला आणि आकसला म्हणून सायकोसिस झाला, अशी सरळ साखळी कोणी फळ्यावर काढून दाखवली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. आणि ‘आकसला’ म्हणजे पेशी मेल्या असंही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची संख्या बहुतांश टिकलेली दिसते, त्यांच्यामधल्या फांद्या आणि जोडण्या विरळ झालेल्या असतात. अशा जोड्यांची छाटणी प्रत्येकाच्या किशोरवयात होतेच, काहींमध्ये ती प्रमाणाबाहेर होत असावी. सी४ नावाच्या जनुकावरचं २०१६ चं संशोधन त्याच दिशेला बोट दाखवतं.

मग शेजाऱ्यांचे आवाज कुठून येतात? ताणात डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन वाढतं, आणि सायकोसिसमध्ये मेंदूच्या एका खोल भागात ते मुळातच जादा तयार होत असतं. डोपामिनचं एक काम म्हणजे ‘इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचं आहे’ असं खुणावणं. ते ऊतू गेलं की कुठलीही फालतू गोष्ट अर्थपूर्ण वाटू लागते: शेजारणीचं खोकणं, पाव विकणाऱ्या पदेराचा भोंपू, मोबाइलचा लुकलुकणारा दिवा. मग माणूस त्या अर्थांची गोष्ट जुळवतो. तुमचा भाऊ वेड पांघरत नाहीये, त्याला ते अर्थ खरोखर जाणवतात. आमची औषधं डोपामिनला आवर घालतात, म्हणून वाद घालून जे जमत नाही ते औषधाने जमतं.

औषधांनी मेंदू लहान होतो, असं तुमच्या चुलत्यांनी कुठेतरी वाचलंय. ते निखालस खोटं नाही. जास्त डोस बराच काळ घेणाऱ्यांत आकारमान थोडं कमी होताना काही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून चांगला डॉक्टर लागेल तेवढाच डोस ठेवतो. पण उपचाराविना चाललेल्या सायकोसिसची किंमत त्याहून कितीतरी मोठी असते: शिक्षण, मित्र, कधी जीवही. उपचाराला जितका उशीर, तितकं बरं होणं अवघड, हे अनेक देशांत दिसलं आहे. मे ते आजपर्यंतचा वेळ त्याच हिशेबात जातोय.

आपल्याकडच्या ताणांविषयी थोडं. घरापासून तुटून परक्या मुलखात राहण्याचा धोका ओडेगार्ड यांनी १९३२ मध्येच नोंदवला होता. अमेरिकेतल्या मिनेसोटात गेलेल्या नॉर्वेजियन लोकांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण मायदेशातल्यांच्या जवळजवळ दुप्पट होतं. जहाजांवर काम करणारे तारवटी, गल्फमधली पोरं, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेली कुटुंबं पाहताना मला ते आठवतं. एकटेपण आणि सतत कमी लेखलं जाणं यांचा वाटा त्यात मोठा असावा. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रकांचे हप्ते थकले, तेव्हा मात्र तुमच्या डिचोली-सत्तरीकडून माझ्याकडे आलं ते मुख्यतः नैराश्य आणि दारू. सायकोसिस क्वचित. नुसत्या पैशाच्या चिंतेपेक्षा अपमान, धमकी आणि असुरक्षितता सायकोसिसला जास्त पोसतात, असं माझं मत झालं आहे.

आणि गांजा. किनारपट्टीवर मिळतो तसा तो कॉलेजच्या आवारापाशीही मिळतो. जास्त तीव्रतेचा गांजा रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसचा धोका जवळजवळ पाचपट असल्याचं युरोप आणि ब्राझीलमधल्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं. भावाला हे आईसमोर विचारू नका. तुम्ही एकट्या असताना, न रागावता विचारा, आणि डॉक्टरांना खरं सांगा.

आता तुमची स्वतःची काळजी. मावशीचा आजार स्किझोफ्रेनियाच होता असं धरलं, तर भाचरांना धोका शंभरात चारच्या आसपास. सख्ख्या भावाला असेल तर शंभरात नऊ. म्हणजे हा वाईट हिशेब धरूनही शंभरात नव्वदांना काही होत नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला तर दुसऱ्याला साधारण निम्म्याच वेळा होतो. तुम्ही २७ वर्षांच्या आहात, नोकरी, झोप, माणसांत वावर ठीक आहे. गांजा टाळा, झोप सांभाळा. यापुढे कुठली तपासणी नको. भावाचं निदानही अजून व्हायचं आहे हे विसरू नका. थोड्या काळाचा सायकोसिस, नैराश्यातला, बायपोलरमधला, गांजामुळे आलेला, काहीही निघू शकेल, आणि त्यातल्या काहींचा पुढचा मार्ग बराच सोपा असतो.

जायचं कुठे? बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार इस्पितळ आहे, गोमेकॉच्या म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या जवळ. पूर्वी पणजीला आल्तिन्होवर होतं ते आबे फारिया इस्पितळ, तेच हे. ‘आल्तिन्हो’ म्हटलं की जुनी माणसं अजून दचकतात, तुमची आजीही दचकेल. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळातही मानसोपचार ओपीडी आहे, तिथून सुरुवात केलीत तरी चालेल. दाखल करून डांबून ठेवतील अशी भीती आहे ना? बहुतेकांवर घरी राहूनच उपचार होतात. ‘वेड लागलंय म्हणून नेतो’ असं त्याला सांगू नका, फसवूनही नेऊ नका. ‘तुला झोप नाही, भीती वाटते, त्यावर औषध आहे’ एवढं खरं आणि पुरेसं आहे. सोबत सणांवरून काढलेली ती टिपणं न्या, माटोळीसकट. आवाज त्याला काही करायला सांगत असतील, त्याने जेवण सोडलं असेल किंवा मरणाची भाषा केली असेल, तर ओपीडीचा दिवस बघू नका, त्याच दिवशी गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत न्या. मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

देवळात कौल लावलात, हरकत नाही. डॉक्टरकडे जाऊ नको असा कौल माझ्या ऐकण्यात फारसा नाही. भूतबाधा उतरवणाऱ्या घाड्याकडेही घरचे नेतील. मारणं, धुरी देऊन कोंडणं आणि औषध बंद करणं या तीन गोष्टी तुम्ही होऊ देऊ नका, बाकी नारळ फोडू देत.

घरातलं बोलणं हाही ताणच आहे, आणि तो तुमच्या हातातला. लंडनच्या जॉर्ज ब्राउन यांच्यापासून सुरू झालेल्या संशोधनात दिसलं की जिथे सतत टोमणे, राग किंवा गुदमरवणारी काळजी असते, त्या घरांत आजार लवकर पुन्हा उफाळतो. चंदीगडला तपासलं तेव्हा आपल्याकडची घरं यात लंडनपेक्षा सौम्य निघाली होती. तो संशय खोडत बसू नका, त्याला होही म्हणू नका. ‘तुला भीती वाटतेय हे दिसतंय, मला ते आवाज येत नाहीत’ इतकंच. औषध सुरू झालं की तो दिवसा झोपेल आणि ‘किती लोळतोस’ हे वाक्य आईच्या ओठांवर येईल, ते तुम्ही अडवा. घरी येऊन मदत करणाऱ्या प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांचा उपयोग होतो का, हे गोवा, सातारा आणि तामिळनाडूत तपासलं गेलं. २०१४ मध्ये आलेले निकाल माफक पण चांगले होते. अशी सोय मिळाली तर नाही म्हणू नका.

राहिलं वर्षश्राद्ध. त्याला बसवायचं का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. तोवर उपचाराला तीन महिने झालेले असतील, तेव्हा त्यालाच विचारा. बसतो म्हणाला तर बसू दे, भटजींना विधी आटोपशीर करायला सांगा आणि पाहुणे मोजके बोलवा. नको म्हणाला तर चुलत्यांनी करावं, आणि त्यावर पंगतीत चर्चा नको. आदल्या रात्री झोप पुरी होऊ दे. उपास असला तरी सकाळची गोळी चुकवायची नाही, ती पाण्याबरोबर घेतली तर विधीला काही बाध येत नाही.